मे महिन्यातली कानटोपी

मराठी मध्यमवर्गीय घरात पंख्याचा रेग्युलेटर हा सत्तेचा प्रश्न असतो, आणि ही सत्ता साधारणपणे घरातल्या सगळ्यांत जाड माणसाकडे असते. त्याला उकडतं. जानेवारीतही उकडतं. बाकीची मंडळी गोधडीत हातपाय आखडून त्याच्या उकडण्याचा मान राखतात. मग हा माणूस एकदाची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतो, वर्षभरात तीस-चाळीस किलोंनी उतरतो, आणि घरात सत्तांतर होतं. टीव्हीवर चंद्रपूरच्या उन्हाच्या बातम्या चालू असताना तो पंखा दोनवर करायला सांगतो. पुढच्या आठवड्यात एकवर. मग बंदच. पायांत मोजे येतात, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर येतो आणि एका संध्याकाळी, मे महिन्यात, डोक्यावर कानटोपी दिसते. ज्याने वीस वर्षं सगळ्या घराला कुडकुडवलं तोच आता सगळ्या घराला घामाने भिजवतो. हुकूमशहा तोच, धोरण फक्त उलटं झालेलं.

घरातल्या लोकांचं यावर ठरलेलं मत असतं. थंडीबिंडी काही नाही, नवं नाटक आहे. आधी जाडीचे लाड होते, आता बारीकपणाचे. शेजारचे काका तर एवढ्यावर थांबत नाहीत. 'बायपास केली' हे ऐकून त्यांनी ती हृदयाची असल्याचं परस्पर ठरवलेलं असतं, त्यामुळे मोजे बघून त्यांचा चेहराच पडतो. पोटाचीही बायपास असते, तीत जठराचा जेमतेम अंड्याएवढा भाग वापरात ठेवून आतड्याला वेगळी वाट काढून देतात, हे त्यांना समजावण्यात एक चहा जातो. माझं म्हणणं असं, की मे महिन्यातली ही कानटोपी संपूर्णपणे समर्थनीय आहे. ही थंडी खरी आहे, तिचा हिशोब मांडता येतो, आणि तो मांडला की नाटकाचा आरोप करणाऱ्यांवरच उत्तर द्यायची पाळी येते. बारीक झाल्याबद्दल आपण ज्याचं तोंड भरून कौतुक करतो, त्याला बारीक होण्याचे परिणाम भोगायची परवानगी मात्र नाकारतो, हे काही बरं नाही.

आधी चरबीबद्दल. तिची बदनामी इतकी झाली आहे की ती काही काम करत होती हेच कुणाच्या लक्षात नाही. पागडीच्या जुन्या इमारतीत असा एक भाडेकरू असतो: भाडं नाममात्र, जागा ऐसपैस, निघायचं नाव नाही. मालक वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. शेवटी तो भाडेकरू जातो, आणि पहिल्याच पावसात मालकाला कळतं की गच्चीवरच्या पन्हळी साफ करणारा, रात्री जिन्याचं दार लावणारा, टाकीचा बॉल कॉक बघणारा तोच होता. कातडीखालची चरबी तशी आहे. तिच्यातून उष्णता वाहते ती स्नायूंतून वाहते त्याच्या जेमतेम निम्मी, म्हणजे आतली ऊब बाहेर पडायला निघाली की या थरात ती बराच वेळ अडकून पडते. हा थर वर्षभरात उतरवला की ऊब थेट कातडीपर्यंत येते आणि तिथून खोलीत. खोलीला तिचा काही उपयोग नसतो.

हे तर्कट वाटत असेल तर आइसलंडचा दाखला घ्या. ११ मार्च १९८४ च्या रात्री त्या देशाच्या दक्षिणेला वेस्टमन बेटांजवळ पाच जणांची एक मासेमारी नाव उलटली. पाणी पाच-सहा अंशांचं. अशा पाण्यात माणूस फार काळ टिकत नाही, आणि चौघे टिकले नाहीत. पाचवा, बावीस वर्षांचा गुडलाउगुर फ्रिद्थोर्सन, सहा तासांच्या आसपास पोहून किनाऱ्याला लागला आणि अनवाणी लाव्हाच्या खडकांवरून चालत गावात पोहोचला. हा गडी उंचापुरा आणि १२० किलोंच्या वरचा. पुढे संशोधकांनी त्याला तपासलं तेव्हा कातडीखालचा चरबीचा थर सुमारे १४ मिलिमीटर भरला, सर्वसाधारण माणसाच्या दुप्पट-तिप्पट. त्यांनी त्याची तुलना सीलशी केली, आणि ती शुद्ध कौतुकाने केली होती. इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांनाही ही गोष्ट ठाऊक असते. १९५८ मध्ये मिहिर सेन आणि १९५९ मध्ये आरती साहा ज्या पाण्यातून गेले त्यात अंग झाकणारा उबदार रबरी पोशाख नियमात बसत नाही, म्हणून कित्येक जलतरणपटू तयारीच्या काळात मुद्दाम अंगावर चार किलो चढवतात. खाडी ओलांडणारा माणूस जो थर कष्टाने कमावतो, तो आपल्या रुग्णाने पैसे मोजून काढवला आहे. त्याला खाडी ओलांडायची नाही हे खरं. पण त्याला एसीच्या डब्यातून विरारहून चर्चगेटला तर जायचं आहे.

इथे एक चौकस वाचक हात वर करील. आपल्याकडे पोटं सुटलेली माणसं मुबलक आहेत, आणि त्यांतली निम्मी पहाटे मफलर गुंडाळून फिरताना दिसतात. त्यांची चरबी कुठे त्यांना ऊब देते? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं अर्धं उत्तर पुण्यातच मिळतं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांनी स्वतःचंच छायाचित्र छापून आणलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला जो माणूस सडपातळ वाटतो तो आतून तसा असेलच असं नाही, आणि भारतीय माणूस याबाबतीत काट्याला फसवण्यात वाकबगार आहे. त्यातून आपली चरबी पोटाच्या आत, अवयवांभोवती साठण्याकडे अधिक झुकते. ही आतली चरबी मधुमेहाला जवळ आणते, पण पांघरूण म्हणून तिचा उपयोग जवळपास शून्य. कपाटात घडी करून ठेवलेल्या रजईने कुणाची थंडी भागत नाही. मफलरवाल्या पोटांचं गणित एवढंच. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचलेल्या माणसाकडे मात्र आतली आणि बाहेरची, दोन्ही खाती भरलेली असतात, आणि दोन्ही एकदमच रिकामी होऊ लागतात.

भूमितीचाही एक वाटा आहे, तो चटकन सांगून टाकतो. १७० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं वजन १२० किलोंवरून ७८ वर आलं, म्हणजे ३५ टक्क्यांनी घटलं, तर डॉक्टर वापरतात त्या नेहमीच्या सूत्राने त्याच्या अंगाचं क्षेत्रफळ कमी होतं अवघं १९ टक्क्यांनी. ऊब साठवणारा ऐवज फार आटला, ती उधळणारा पृष्ठभाग त्या मानाने तसाच राहिला. कार्ल बर्गमन या जर्मन संशोधकाने १८४७ मध्येच नोंदवलं होतं की थंड प्रदेशातले प्राणी त्यांच्या उष्ण प्रदेशातल्या भाऊबंदांपेक्षा आकाराने मोठे असतात. आपला माणूस मुलुंडच्या हवेत राहून ध्रुवावरचा देह सांभाळत होता. आता त्याने मुलुंडला शोभेल असा देह धारण केला आणि नेमकं तिथेच कुडकुडायला लागला. क्षेत्रफळाच्या त्या सूत्रात सैल पडलेली कातडी धरलेली नसते, हेही जाता जाता नोंदवायला हवं.

पण पांघरूण गेलं हा गोष्टीचा लहान भाग. मोठा भाग असा, की शरीर मुळात ऊब तयार करणंच कमी करतं. स्वस्थ बसलेला माणूस साधारण ८० ते १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. वजनदार माणूस याहून अधिक, कारण एवढा संसार चालवायला इंधनही तेवढंच जळतं. म्हणून तर त्याला जानेवारीत उकडत होतं. स्थूल माणसाच्या पोटावरची कातडी इतरांपेक्षा थंड आणि हाताची बोटं मात्र इतरांपेक्षा गरम असतात, असं अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. पोटाकडून वाट बंद असल्यामुळे जादा ऊब हातांवाटे बाहेर पडत होती. हस्तांदोलनात ज्याचा हात गरम आणि किंचित ओलसर लागायचा, त्याचाच हात आता नळासारखा गार लागतो आणि समोरचा दचकतो. नमस्कार करण्याची आपली पद्धत अशा वेळी फार सोयीची पडते.

आता कुणी म्हणेल की वजन घटलं तेवढ्या प्रमाणात ऊब घटली, यात वेगळं ते काय? वेगळं हे, की ऊब त्याहूनही जास्त घटते. खाणं एकाएकी आटलं की शरीराला ही शस्त्रक्रिया आहे, दुष्काळ आहे की संकष्टी, यातला फरक कळत नाही. ते सरसकट काटकसर लागू करतं. यातली सगळ्यांत अस्सल नोंद दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या पर्वातली आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, जे युद्धात लढायला तत्त्वतः नकार देऊन या कामी स्वेच्छेने आले होते, १९४५ मध्ये २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युरोपात उपाशी राहिलेल्यांना पुन्हा खाऊपिऊ कसं घालावं हे शोधायचं होतं. त्या तरुणांचं वजन चतुर्थांशाच्या आसपास घटलं, पण विश्रांतीच्या अवस्थेतला ऊर्जेचा खर्च तब्बल ४० टक्क्यांनी उतरला. आणि त्यांची ठळक तक्रार कोणती? भुकेखालोखाल थंडी. ऐन उन्हाळ्यात ही मुलं जादा कपडे चढवून बसत, पांघरुणं मागत, आणि गरम चहा-कॉफीचे कपांवर कप रिचवत. त्यांना घरी कुणी 'नाटकं करतोस' म्हणालं नाही; ते सगळं नीट लिहून १९५० मध्ये दोन जाडजूड खंडांत छापलं गेलं.

मिनेसोटाच्या त्या तरुणांना दिवसाला साधारण १,५७० कॅलरी मिळत. पोटाची शस्त्रक्रिया झालेला माणूस पहिल्या काही महिन्यांत बहुधा याच्या निम्म्यावर असतो. इथे एक प्रामाणिक फरक सांगितला पाहिजे: ती मुलं मुळात सडसडीत होती, त्यांच्याकडे साठा नव्हता, आपल्या माणसाकडे साठा भरपूर आहे, म्हणून तो उपाशी मरत नाही, उलट सुधारत जातो. पण साठा आहे म्हणून शरीर काटकसर टाळत नाही. चरबीतून निघणारं लेप्टिन घटतं, थायरॉइडचं काम करणारं टी-३ हे संप्रेरक घटतं, आणि मेंदूतल्या नियंत्रणकक्षाला निरोप जातो की खर्च कमी करा. मेंदू मग सगळ्यांत आधी हातापायांचा पुरवठा आखडतो. महापालिका पाणीकपात जाहीर करते तेव्हाही टोकाच्या वस्त्यांनाच पहिला फटका बसतो, हे काही नवीन नाही.

यावरचा पुढचा आक्षेप घरातली जन्मजात बारीक माणसं घेतात, आणि तो ऐकायला फार पटणारा असतो. ही वहिनी बघा, लग्नात पन्नास किलोंची होती, आजही पन्नास किलोंचीच. ती कुठे मोजे घालून फिरते? याचं उत्तर रूडॉल्फ लीबेल, मायकेल रोझेनबाउम आणि ज्यूल्स हर्श यांनी १९९५ मध्ये दिलं. वजन दहा टक्क्यांनी उतरवून तिथेच टिकवून धरलेल्या माणसांचा ऊर्जेचा खर्च, त्यांच्या नव्या देहाला शोभेल त्याहूनही कमी निघाला. म्हणजे सत्तर किलोंचा मूळ माणूस आणि सत्तर किलोंवर आलेला माणूस काट्यावर सारखे असले तरी आतून सारखे नसतात. २०१६ मध्ये केव्हिन हॉल यांनी अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतले १४ स्पर्धक सहा वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी भरला. ५०० कॅलरींचं वॅटमध्ये रूपांतर केलं तर २४ वॅट येतात. शंभरातले चोवीस वॅट कुणी परस्पर कापून नेले, तर वहिनीसुद्धा मोजे शोधतील. हे स्पर्धक व्यायाम आणि आहाराने उतरले होते, शस्त्रक्रियेने नव्हे, आणि तो फरक महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येतोच.

जेवण हीसुद्धा ऊब असते. खाल्लेलं पचवताना शरीर त्या अन्नातल्या ऊर्जेचा साधारण दहावा हिस्सा उष्णता म्हणून सोडतं. प्रथिनांच्या बाबतीत हे प्रमाण २० ते ३० टक्क्यांपर्यंत जातं. लग्नाच्या पंगतीत जेवून उठलेल्या माणसाच्या कपाळावर घाम येतो आणि तो यजमानांना 'फारच झालं हो' म्हणतो, त्याचं शास्त्र हे. या शस्त्रक्रियेच्या 'स्लीव्ह' नावाच्या दुसऱ्या प्रकारात जठराचा पाऊण ते चार-पंचमांश भाग काढून टाकतात. उरलेल्या नळीत सुरुवातीला वाटीभर वरणही एका बैठकीत मावत नाही. अशा पंगतीतून उठताना घाम कुठून येणार? उलट जेवताना मध्येच शाल मागायची वेळ येते. आग्रह करणाऱ्या मावशींना वाटतं, याच्या थंडीवर डिंकाचा लाडू हा अक्सीर इलाज आहे. लाडू उष्ण खरा. पण बायपास झालेल्या माणसाने गुळाचा अख्खा लाडू चटकन खाल्ला तर ती साखर थेट आतड्यात उतरते आणि अर्ध्या तासाच्या आत छातीत धडधड, दरदरून घाम, गरगर आणि पोटात कळ असा प्रकार होऊ शकतो. घाम आला म्हणून मावशी खूश होतील, त्याला ऊब म्हणत नाहीत.

तरीही मावशींना एका बाबतीत मानलं पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या बायका सारखी थंडी वाजणाऱ्या माणसाकडे बघून 'अंगात रक्त नाही याच्या' असा निकाल देत आल्या आहेत, आणि कैक वेळा प्रयोगशाळा तोच निकाल पैसे घेऊन देते. लोह कमी असलेल्या स्त्रियांना थंडाव्यात ठेवलं तर त्यांचं शरीर ऊब टिकवण्यात कमी पडतं, हे १९९०च्या सुमारास प्रयोग करून दाखवलं गेलं आहे. रक्तातला लालपणा घटला की प्राणवायूची वाहतूक मंदावते, आणि थायरॉइडचं कामही ढिलं पडतं. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर लोह कमी पडायला कारणं बक्कळ. खाणं कमी, जठरातलं आम्ल कमी, आणि बायपासमध्ये तर लोह जिथे मुख्यतः शोषलं जातं तो आतड्याचा पहिला भागच वळसा घालून टाळलेला. बी-१२ चं तेच. त्यात माणूस शुद्ध शाकाहारी असला तर खातं आधीपासूनच तळाला गेलेलं. आणि यात खरा विनोद निसर्गाने केला आहे: थंडी वाजते म्हणून हा माणूस दिवसभर आल्याचा चहा पितो, आणि चहातली टॅनिनं जेवणातल्या लोहाला धरून बसतात, त्याला शोषलं जाऊ देत नाहीत. थंडी, म्हणून चहा. चहा, म्हणून लोह कमी. लोह कमी, म्हणून थंडी. हे चक्र मोडायला चहा सोडावा लागत नाही, जेवण आणि लोहाची गोळी यांच्यापासून तो तासा-दोन तासांनी लांब ठेवला की पुरतं. पण जेवल्याजेवल्या चहा हवा असणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगणं म्हणजे धर्म बदलायला सांगण्यासारखंच.

सगळ्यांत लाडका आक्षेप शेवटी येतो: थंडी वाजते तर स्वेटर घाल ना, आम्ही उकडून घेऊन काय कातडी काढून ठेवायची? कचेरीत एसीच्या रिमोटवरून जी महायुद्धं होतात त्यांत हे वाक्य निर्णायक अस्त्र म्हणून वापरलं जातं. वाक्य बिनतोड आहे, आणि मी ते अर्ध्याहून अधिक मान्य करतो. कपडे चढवायला मर्यादा नाही, उतरवायला आहे. पण स्वेटर ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतो. आतून येणारीच कमी असेल तर तो धरून धरून किती धरणार? शिवाय ज्या तापमानाला आपण 'सगळ्यांना चालेल असं' म्हणतो ते कुणाचं आहे हेही तपासावं. कचेऱ्यांतल्या हवामानाचे ठोकताळे १९६०च्या दशकातल्या संशोधनावर उभे आहेत आणि त्यात शरीराच्या उष्णतेचा जो आकडा धरला आहे तो चाळिशीतल्या, सत्तर किलोंच्या पुरुषाचा. बायकांची ऊर्जा त्याहून कमी असते आणि म्हणून कचेरीत त्या गारठतात, हे नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं. वजन उतरवलेला आपला माणूस या बाबतीत बायकांच्या पंक्तीत येऊन बसला आहे, आणि कचेरीत कुणाच्या ओढण्या कशासाठी असतात हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळतं आहे. भारतात २०२० पासून नवे एसी चालू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावेत असा नियम आहे, आणि २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० च्या खाली जाऊच न देण्याचा विचार बोलून दाखवला. विजेच्या बचतीसाठी का होईना, सरकार कुडकुडणाऱ्यांच्या बाजूला आलं आहे. असं वारंवार घडत नाही.

एवढं सगळं ऐकून काही जण भलताच निष्कर्ष काढतात: मग कशाला करून घ्यावी शस्त्रक्रिया? निदान ऊब तरी होती. याला उत्तर थंड देशातूनच येतं. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात चार हजारांवर स्थूल माणसांना वर्षानुवर्षं न्याहाळलं गेलं. निम्म्यांच्या आसपास लोकांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती, बाकीच्यांनी नेहमीचे उपचार घेतले. २००७ मध्ये निकाल आला, तेव्हा वय आणि इतर धोके जमेस धरून शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी निघाला. स्वीडनचा हिवाळा काय असतो हे त्या लोकांना पक्कं माहीत होतं. तरी त्यांनी सौदा केला, आणि सौदा फायद्याचा ठरला. मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, गुडघे जिना चढू देतात, रात्री श्वास अडकत नाही. या जमेपुढे मोज्यांचा खर्च नगण्य आहे. माझा मुद्दा सौद्याविरुद्ध मुळीच नाही. सौद्याच्या कागदावर बारीक अक्षरांत थंडीचं कलम आहे, ते घरच्यांनीही वाचावं, एवढाच आहे.

शिवाय हे कलम कायमचं नसतं. मघाचा फरक इथे कामी येतो. त्या टीव्ही स्पर्धकांशी बायपास झालेल्यांची तुलना करून पाहिली गेली, तेव्हा बायपासवाल्यांत सहा महिन्यांवर दिसणारी खर्चातली जादा तूट बारा महिन्यांवर फारशी उरली नव्हती. वजन स्थिरावलं, खाणं थोडं वाढलं, स्नायू कमावले, की शरीर काटकसर हळूहळू सैल करतं. प्रौढ माणसातही जळून ऊब देणारी तपकिरी चरबी शिल्लक असते हे २००९ मध्ये पक्कं झालं, आणि ती जाड माणसांपेक्षा बारीक माणसांत अधिक जागी असते. वजन उतरल्यावर काही जणांत ती पुन्हा कामाला लागल्याचंही दिसलं आहे. म्हणून 'सवय होईल' हा सल्ला पूर्ण चुकीचा नाही. तो देणाऱ्याने फक्त वर्ष-दीड वर्षाची मुदत सांगावी आणि तोवर पंख्याला हात लावू नये. घाई असेल तर रुग्णाने वजनं उचलायला लागावं, ताटात प्रथिनं वाढवावीत. उबेसाठी स्नायूंइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही, आणि तो अंगात घालून कचेरीत गेलं तरी कुणी हसत नाही.

मधल्या काळासाठी महाराष्ट्राकडे एक तयार व्यवस्था आहे. आपल्याकडे कुठलाही सत्कार शाल आणि श्रीफळाशिवाय होत नाही, आणि ती शाल घेणाऱ्या बहुतेकांना तिची काडीचीही गरज नसते. घरोघरच्या कपाटांत अशा शालींचे थर साचले आहेत. चाळीस किलो उतरवणाऱ्या माणसाचा सत्कार व्हायलाच हवा. ज्याला शालीची खरोखर गरज आहे असा बहुधा तो पहिलाच सत्कारमूर्ती असेल. श्रीफळ मात्र फोडून वाटून टाकावं, त्याच्या पोटात जागा नाही.

आणि थंडीबरोबर दम लागत असेल, थकवा सरत नसेल, केस मूठमूठ जात असतील, तर शालीवर भागवू नका. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, आणि लिहून दिलेल्या गोळ्या बरं वाटलं म्हणून बंद करू नका. या शस्त्रक्रियेनंतर त्या जन्मभराच्या असतात. रक्त द्यायला जाताना हात चोळून, गरम करून जा. गार हातात शीर लवकर सापडत नाही.